न तापणारी गाडी

"घ्यायची तर आत्ताच घे, गोमाभाव," हारून मिस्त्री ट्रकखालूनच म्हणाला. "कंपनी हे इंजिन बंद करतेय. बाहेरून सामान येनं थांबलं. फुडल्या साली ह्याच गाडीत बारकं इंजिन बसवून देतील. नाव तेच, दम नाय."

"घाट चढंल ना?"

हारून हात पुसत बाहेर सरकला. "सहा सिलिंडर हायत. मानसं कोंब, वर टोपल्या बांध, कुटं थांबायचं काम नाय. तुजं कीर्तन मात्र बंद पडंल बग."

चौकच्या नाक्यावर सगळे हसले. मुंबई राज्याचे अजून दोन भाग झाले नव्हते, त्या वेळची ही गोष्ट. गोमाची टॅक्सी चौकहून लोणावळ्याला जायची आणि घाटात शिंगरोबाच्या देवळाअलीकडच्या वळणावर तापायचीच. मग तो बॉनेट उघडी, हाताला ओलं फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवी, तोंड बाजूला करून वाफ सोडी. गाडी निवेपर्यंत उतारू झाडाखाली बसत आणि गोमा त्यांना आदल्या रात्रीचं कीर्तन सांगे, चालीसकट. गावच्या सप्ताहात तो झांज धरायचा. बुवांच्या तोंडून ऐकलेलं त्याच्या पोटात राहत नसे, आणि असं न राहणं ही देवाचीच कृपा म्हणायची. काही उतारू तर कीर्तनासाठीच नाक्यावरच्या दुसऱ्या टॅक्सीवाल्याची, पोपटची, बरी गाडी सोडून गोमाची वाट बघत.

ते थांबणं गोमाला सोसत नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याची बायको मैना पहिलटकरीण होती तेव्हा अडली. लोणावळ्याच्या डॉक्टरणीकडे नेताना गाडी त्याच वळणावर तापली. इंजिन निवेपर्यंत मूल गाडीतच जन्मलं आणि रडलं नाही. मुलगी होती. मैना अर्धवट शुद्धीत होती. गोमानं पहारीनं माती उकरून करवंदीच्या जाळीमागे मुलीला ठेवलं, वर धोंडे रचले. कुठं ठेवलं हे मैनानं कधी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पुढे मूल झालं नाही. घाटात न थांबणारी गाडी घ्यायची, एवढं त्यानं मनाशी धरलं.

आता ती गाडीच बंद होणार होती. गोमानं जुनी टॅक्सी विकली. मैनानं पाटल्या काढून समोर ठेवल्या.

"घ्या," ती म्हणाली. "इंजान बंद व्हायच्या आत घ्या. नायतर जलमभर मनात ठेवाल."

मुंबईच्या दुकानात तशी एकच गाडी उरली होती. गोमा ती घेऊन आला, तेव्हा हारूननं बॉनेट उघडून कान लावला आणि मान डोलावली. पोपट म्हणाला, "गोमाशेट, आता आमी तुजा धूर खायाचा व्हय?"

बाजारचा दिवस आला. मैना दर बाजाराला वालाच्या शेंगा घेऊन लोणावळ्याला जायची. ती पुढं बसली, मागं कीर्तनासाठी गोमाचीच गाडी धरणारी भागूबाई आणि तिच्या सोबतच्या बाया. गोमानं गाडी चालवतच कीर्तन सुरू केलं. खोपोली गेली, चढ लागला. इंजिनाचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. वळण आलं, जाळी मागं पडली. घाट चढताना गाडीवाले शिंगरोबाला नाणं वाहतात, ते गोमानं चालत्या गाडीतूनच टाकलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला झालं. मैनाचा हात दाराच्या मुठीवर होता, तो त्यानं पाहिला. नव्या गाडीत भीती वाटत असेल असं समजला.

"आरं, पन राजा आत्ता कुटं रानात निगालाय," भागूबाई मागून म्हणाली. "आनि लोनावळा आलं?"

"फुडल्या बाजारी सांगतो, भागूबाय."

सगळ्या उतरल्यावर त्याला पुढच्या बाकावर अबोलीची फुलं दिसली. केळीच्या सोपट्यानं बांधलेली, कोमेजलेली.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "शिंगरोबाला न्हेली व्हतीस काय?"

मैना शेंगांची रिकामी टोपली आपटून माती झाडत होती. "नाय."

"मग?"

"तुमच्या धोतराला तांबडी माती लागली व्हती त्या दिवशी," ती म्हणाली. "जाळीमागं धोंडे दिसले मला, फुडं कवातरी. गाडी तापली का जायचे. बाईमानूस जाळीमागं गेली तर कोन बगतंय."

गोमा उंबऱ्यावर बसला. "सांगायचं नाय व्हय? मी पाटल्या घेतल्या तुज्या."

"कसं सांगू? तुमाला त्या जागंवर थांबवत नव्हतं. दिसायचं मला."



पुढच्या बाजारी गाडी तशीच सरळ घाट चढली आणि वळणावर येऊन थांबली.

"काय झालं रं?" भागूबाईनं विचारलं.

"तापली," गोमा म्हणाला.

तो उतरला, बॉनेट उघडलं, पाण्याचा डबा काढून रस्त्यावर ठेवला. बाया झाडाखाली जाऊन बसल्या. मैना पदर सावरत जाळीकडे गेली. तिची मूठ झाकलेली होती.

पोपटची टॅक्सी खालून धापा टाकत आली. त्यानं मान बाहेर काढली. "काय गोमाशेट, सहा सिलिंडरबी तापले?"

"तापले बाबा," गोमा म्हणाला.

"मग बायकोच्या पाटल्या कशाला मोडल्यास रं?"

पोपटची गाडी हसू मागं ठेवून वर गेली.  गोमानं घसा साफ केला आणि राजाला रानात सोडलं होतं तिथून पुढं सांगू लागला. सांगताना त्याचा उघडा हात रेडिएटरच्या झाकणावर टेकलेला होता. फडकं खांद्यावर कोरडंच पडलं होतं.

भागूबाईनं तो हात पाहिला. मग जाळीकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली, "सावकाश सांग. घाई नाय."