नायिकेचा दुसरा कप

आईच्या सगळ्या कादंबऱ्यांची नायिका एकच: नवऱ्याचा मार खाऊन पळालेली, गावं बदलत राहणारी बाई. "ही बया माझ्याच घरात राहते, माझ्याच साड्या नेसते, आणि तोरा असा की जणू मीच हिची पाहुणी," असं म्हणून आई हसायची.

आई टोपणनावाने लिहायची, तरी माझ्या वडिलांनी तिला पहिल्याच पुस्तकात ओळखलं आणि प्रकाशकाकडे फोन करून पत्ता मागितला. जिथे स्वतः राहिली नाही ती खोली आईला लिहिता येत नसे. म्हणून तिने नियमच केला: आपण घर सोडलं की मगच नायिकेला तिथे राहायला पाठवायचं. दुसरी खबरदारी माझ्यासाठी होती. नायिकेला मूल नव्हतं.

शेवटची कादंबरी तिने अंथरुणावरून लिहिली. आईचं पुस्तक छापून आल्यावरच वाचायची माझी सवय. या वेळी वाचायला बसले तेव्हा आई नव्हती. दोनचार पानांतच थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नायिका आमच्या आत्ताच्याच घरात राहत होती. दाराला अडकणारी कडी, तीन पायऱ्या, समोर औषधाचं दुकान, त्याच्या पाटीचं पहिलं अक्षर गळून पडलेलं. आई हे घर सोडून चालली होती, हे खरंच. मी मागे राहणार, हे तिच्या ध्यानातून निसटलं.

मी संपादकबाईंना फोन केला.

"अगं, सगळे वाचक काय घर शोधत येणार आहेत?"

"सगळे नाही," मी म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात वाचनालयातलं काम आटोपून परतले, तर पायऱ्यांपाशी एक म्हातारा उभा. बगलेत पुस्तक.

"अहो ताई, जरा ऐकता का?"

आवाज इतका मऊ की मला पुढे वाकावं लागलं. मग त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसायला घेतला.

वडिलांचा चेहरा मला आठवत नाही. आम्ही पळालो तेव्हा मी आईच्या कडेवर होते. पण हा नवरा मी प्रत्येक पुस्तकात वाचला होता. तो आवाज खाली आणतो, चष्मा पुसतो, जपून बाजूला ठेवतो, आणि मग हात उचलतो.

"या पुस्तकातलं घर हेच ना?"

"मला नाही ठाऊक, काका."

"लेखिका वारल्या म्हणे. वाईट झालं." त्याने दुमडलेलं एक पान उघडलं. "मला एकच कोडं पडलंय. ही बाई एकटी राहते ना? मग रोज सकाळी चहाचे दोन कप कशाला काढते?"

ते वाक्य मीही वाचलं होतं. मला त्यात काही खटकलं नव्हतं. आमच्याकडे दोनच कप निघायचे. आईने मला एकाही पानावर फिरकू दिलं नाही आणि सवयीने माझा कप तेवढा मांडून ठेवला.

"लिहिणारीची चूक असेल."

"तिची?" तो हसला. "ती फार जपून लिहायची. तुम्ही कुठे राहता?"

घराची किल्ली माझ्या मुठीत होती. मी मूठ आणखी आवळली.

"पुढच्या गल्लीत. औषध घ्यायला आले होते."

"घ्या, घ्या. मी आहे इथेच."

मी रस्ता ओलांडला. दुकानात शिरले तसा औषधवाला म्हणाला, "काय ताई, डोकं आपोआप दुखतंय, का वाचनालयातल्यांनी दुखवलंय?"

मी काचेतून पलीकडे पाहिलं. तो आमच्या पायरीवर ऐसपैस बसला होता. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलेलं. चष्मा आता डोळ्यांवर होता, आणि तो दुकानाकडे पाहत होता.

"दादा," मी म्हणाले, "तुमच्या दुकानाला मागून दार आहे का?"