तीनशे बारा हरकती

"यातलं पाणी काढा," आवककाका म्हणाले आणि त्यांनी लाल पेनाने सहा ओळींवर आडवी रेघ मारली.

शिवणवालीने खुर्चीतून मान पुढे केली. "पाण्याचंच तर लिहिलंय, भाऊजी. पाणी काढलं तर राहिलं काय?"

"जे राहील ते नीट लिहू. हे बघा वहिनी, हा कागद साहेबापुढे जाणार. तुमच्या घरात पाणी किती इंच आलं याच्याशी त्याला काय करायचंय? हे झालं घरगुती. हरकत कशी, सार्वजनिक पाहिजे."

काकांच्या पुढच्या खोलीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दूधवाला, सुतार, शाळेतल्या बाई, खालच्या गल्लीतली सगळी घरं, जो तो हातात कागद घेऊन उभा. गावाच्या तीन बाजूंनी अकराशे घरं बांधायचा प्रस्ताव आला होता. नकाशा गावच्या कार्यालयाबाहेर फळ्यावर लावला होता. त्यात नव्या घरांची जमीन पिवळी, झाडं हिरवी आणि मधे गाव म्हणून एक करडा ठिपका. हरकत घ्यायला तीस दिवस होते, त्यातले अठ्ठावीस संपले होते. पंचवीस दिवस गाव नुसतंच नकाशापुढे उभं राहून बोटं दाखवत होतं. मग कुणाला तरी आवककाकांची आठवण झाली.

काकांनी चौतीस वर्षं शहरातल्या कचेरीत आवक शाखेत काढली होती. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या खिडकीत यायचा. ते तो घ्यायचे, वहीत नोंदवायचे, क्रमांक टाकायचे आणि मागच्या दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे. टोपली भरली की शिपाई ती आत न्यायचा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गावात त्यांचं नाव आवककाकाच राहिलं. लग्नाचं जमवायचं असो की बांधावरून भांडायचं असो, लेखी काही करायचं म्हटलं की लोक त्यांच्याकडे यायचे, आणि काका कपाटातून पट्टी काढून आधी समास आखायचे.

शिवणवाली त्यांच्या वर्गमित्राची बायको. तो वारल्यावर खालच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात तिने मशीन टाकलं आणि मुलगी शिकवून सासरी पाठवली. तिच्या घरामागे सखल जमीन होती, मधे खोलगट आणि कडेने उचललेली. गाव तिला बशी म्हणायचं. नकाशात बशी पिवळी होती.

तिने लिहिलं होतं ते असं: 'मी शिवणकाम करते. माझं घर गल्लीत शेवटचं आहे. मागे बशी आहे. जास्त पाऊस झाला की पाणी आधी बशीत जातं. बशी भरली की माझ्याकडे येतं. मी दर वेळी टेपने मोजते. एकदा साडेसात इंच होतं, एकदा अकरा. सहा वर्षांपूर्वी सतरा इंच आलं, मशीनचं पायडल बुडालं. बशीत पाणी नऊ दिवस राहतं आणि मग जिरतं. तुम्ही बशीत भर टाकून घरं बांधणार, तर ते नऊ दिवसांचं पाणी कुठे ठेवणार ते सांगा.'

अख्ख्या गावात इतकं नेमकं कुणी लिहिलं नव्हतं. दूधवाल्याने तर नुसतं 'आम्हाला हे नको' एवढंच लिहून खाली अंगठ्याएवढी सही ठोकली होती. पण कागदात माणूस दिसायला लागला की काकांना अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांच्या खिडकीत असे कागद रोज यायचे, रडणारे, भांडणारे, कुणाचं पोट दुखतंय आणि कुणाची सून ऐकत नाही हे सांगणारे, आणि आतले साहेब त्या कागदांना कसे हसतात हे त्यांनी शिपायाकडून ऐकलं होतं. आपल्या गावाला कुणी हसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यात वाईट काही नव्हतं.

त्यांनी स्वतः दोन दिवस बसून मसुदा केला होता: 'विषयांकित प्रस्तावित गृहप्रकल्पामुळे सार्वजनिक हितास बाधा पोहोचत असून, ग्रामस्थांच्या मूलभूत सुविधांवर अनिष्ट परिणाम होण्याची दाट शक्यता असल्याने, सदर प्रस्तावास माझी तीव्र हरकत आहे.' 'दाट'च्या जागी आधी 'मोठी' होतं. ते त्यांना हलकं वाटलं. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून याच्या प्रती काढून आणल्या होत्या, वर नाव आणि खाली सही एवढीच जागा मोकळी.

त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि गठ्ठ्यातली वरची दोन पानं तिने शेजारी शेजारी धरून पाहिली.

"सगळ्यांचं एकच? शाळेत याला कॉपी म्हणायचे."

"तुला कचेरीतलं काय कळतं?"

"काही नाही कळत. मी आपली कप धुते." आणि ती ट्रे ठेवून आत गेली. खोलीत हशा पिकला. काकाही हसले, कारण मसुदा चांगला झाला होता आणि माणसं रांगेत उभी होती. निवृत्तीनंतर त्यांच्या दारात अशी रांग पहिल्यांदाच लागली होती.

शिवणवालीने छापील कागद दोनदा वाचला. "यात माझं घर कुठे आहे?"

"'मूलभूत सुविधा' आहे ना, त्यात आलं सगळं."

"बशी?"

"तीपण आली."

तिने सही केली. काकांना कागदातलं कळतं आणि आपल्याला कापडातलं, असा तिचा साधा हिशेब. स्वतःचा कागद तिने परत घेतला. मागची बाजू कोरी होती, त्यावर गिऱ्हाइकांची मापं लिहायला बरा पडेल म्हणाली.

शेवटच्या दिवशी काका गठ्ठा घेऊन कचेरीत गेले. खिडकीत आता एक मुलगी बसत होती. तिने एकेक कागद घेतला, एकेक क्रमांक टाकला. दुपारचं जेवण झालं, परत रांग लागली, तरी काका खिडकीसमोरून हलले नाहीत. संध्याकाळी गावात उतरल्यावर त्यांनी सुतारापाशी थांबून सांगितलं, "तीनशे बारा. मी एका विषयावर इतक्या हरकती जन्मात घेतल्या नव्हत्या." सुताराने हातातला रंधा खाली ठेवून त्यांचा हात हातात घेतला. काका घरी जाईपर्यंत ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती.

सुनावणी दीड महिन्याने लागली. गावातली चाळीस माणसं दोन टेम्पोंतून गेली. कचेरीच्याच सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि पंख्याचा आवाज इतका, की पुढच्या तीन रांगांनाच ऐकू यावं. एका बाजूला घरं बांधणाऱ्या कंपनीची पाच माणसं बसली होती. त्यांच्या पडद्यावर तळं होतं, तळ्याकाठी फिरणारं जोडपं होतं, कुत्रं होतं. गाव नव्हतं.

सुनावणी अधिकारी पन्नाशीचे, चष्मेवाले, बोलायला मऊ. त्यांनी फाइल उघडली आणि वाचलं, "प्राप्त हरकती, एक."

काकांना वाटलं पंख्यामुळे नीट ऐकू आलं नाही. ते उभे राहिले. "साहेब, तीनशे बारा आहेत."

"सह्या तीनशे बारा आहेत. मजकूर एकच आहे. एका मजकुराच्या सगळ्या हरकती मिळून एकच धरायची, असा नियम आहे."

"पण साहेब, तीनशे बारा आवक क्रमांक पडलेत. माझ्यासमोर पडलेत."

"ते क्रमांक खिडकीतले, काका. इकडे मजकूर बघतात."

टोपली आत गेल्यावर तिचं काय होतं हे चौतीस वर्षांत काकांनी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या दारापलीकडे त्यांचं काही काम नसायचं. त्यांच्या लेखी कागदाला क्रमांक पडला म्हणजे कागद जगात आला. ते खाली बसले. शेजारी दूधवाला होता. तो त्यांच्याकडे न बघता पडद्यावरच्या कुत्र्याकडे बघत राहिला.

अधिकाऱ्यांनी पुढे वाचलं. हरकत सर्वसाधारण स्वरूपाची आहे, नेमकी बाधा नमूद नाही. रस्ता: हरकत प्राप्त नाही. शाळा: हरकत प्राप्त नाही. पावसाच्या पाण्याचा निचरा: हरकत प्राप्त नाही. मग कंपनीचा इंजिनिअर उठला आणि त्याने सखल भागात आठ फूट भर घालून जमीन कशी समपातळीत आणणार ते समजावलं. सगळीकडे समपातळी आली की दिसायला फार छान दिसतं, असं तो म्हणाला.

"कुणाची विशिष्ट हरकत आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "लेखी आणि मुदतीत दिलेली. तशी असेल तर मी ऐकायला बांधील आहे."

काकांच्या मागच्या रांगेतून शिवणवाली उभी राहिली. "साहेब, पाणी येतं. सतरा इंच आलं होतं. मी मोजलंय."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. खरंच ठेवलं, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कुठे?"

"घरात. बशी भरली की येतं. ह्या साहेबांनी बशी बुजवली तर पहिल्याच पावसात येणार."

"हे लेखी दिलं होतं का तुम्ही?"

खालच्या गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की तिने लिहिलं होतं. काकांच्या खोलीत त्या दिवशी ते सगळे होते, लाल रेघही त्यांनी पाहिली होती. काकांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आता उठावं, सांगावं, साहेब, त्यांनी दिलं होतं, मीच काढलं. एवढं एक वाक्य होतं. तीनशे बारा माणसांसाठी लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडून ते काही केल्या फुटेना.

"नाही, साहेब," शिवणवाली म्हणाली. "माझंच राहून गेलं. शिवणाच्या गडबडीत."

"मग मला नोंदवता येत नाही, बाई." अधिकाऱ्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं, आणि त्यांनी पान उलटलं. पाव तासात प्रस्ताव मंजुरीच्या शिफारशीसह वर गेला. कंपनीच्या माणसाने जाताना गाववाल्यांना नमस्कार केला, तोही अगदी मनापासून.

बाहेर व्हरांड्यात काकांनी तिला गाठलं. गाव जिना उतरून टेम्पोकडे चाललं होतं.

"वहिनी, खोटं का बोललात?"

"खरं सांगून पाणी कमी होणार होतं का?"

"मी उठायला पाहिजे होतं."

"हो," ती म्हणाली. "पाहिजे होतं." ती रागावून बोलली नाही. कापड दोन बोटं कमी पडलं तर ती गिऱ्हाइकाला सांगायची, तसंच तिने सांगितलं. काकांना मात्र ते आयुष्यभर पुरणार होतं.

भिंतीला लागून एक बाक होता. काका त्यावर बसले, पिशवीतून कोरा कागद काढला, पिशवी मांडीवर घेऊन त्यावर कागद ठेवला. पट्टी आणली नव्हती. "सांगा," ते म्हणाले.

"आता काय उपयोग?"

"सांगा हो तुम्ही."

ती शेजारी टेकली. मग म्हणाली, "माझं घर गल्लीत शेवटचं आहे."

काकांनी लिहिलं. 'सदर' लिहायला हात वळला होता, तो त्यांनी मागे घेतला. ती सांगत गेली, साडेसात, अकरा, सतरा, पायडल, नऊ दिवस. 'निचरा' हा शब्द त्यांनी मधे सुचवून पाहिला. ती म्हणाली, "निचरा नाही, भाऊजी. पाणी जिरतं. निचऱ्याला गटार लागतं, ते आमच्याकडे कुठे आहे?" त्यांनी 'जिरतं' लिहिलं. ओळी वाकड्या गेल्या, समास राहिला नाही. खाली तिने सही केली आणि तिच्याखाली काकांनी, कुणी न सांगता, 'लिहिणार' म्हणून स्वतःचं नाव लिहिलं.

खाली खिडकीतल्या मुलीने कागद आणि काकांनी हाताने उतरवलेली त्याची दुसरी प्रत पाहिली. "काका, मुदत संपून दीड महिना झाला. आज तर सुनावणीपण झाली."

"ठाऊक आहे. घ्या."

तिने ड्रॉवर उघडून वेगळा शिक्का काढला. 'मुदतीनंतर प्राप्त.' पहिला ठसा पुसट आला. काकांनी सवयीने खिडकीतून हात घालून शाईचं पॅड तिच्याकडे सरकवलं, आणि तिने दुसऱ्यांदा नीट दाबून उमटवला. खाली तारीख टाकली. कागद टोपलीत गेला, प्रत शिवणवालीच्या हातात आली.

"वाचतील?" तिने विचारलं.

त्या खिडकीच्या आत बसून काका चौतीस वर्षं या प्रश्नाला 'वाचतील ना' म्हणत आले होते. समोरच्याला बरं वाटायचं आणि आपल्याला पुढचा कागद घेता यायचा.

"नाही," ते म्हणाले.

तिने मान हलवली. शिक्क्याची शाई ओली होती, तिने त्यावर फुंकर मारली. "तारीख पडलीये ना?"

"पडलीये."

"मग असू दे. सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणायला नको."

टेम्पो त्यांच्यासाठी थांबला होता. दूधवाल्याने सरकून काकांना जागा करून दिली आणि सुताराने त्यांची पिशवी वर घेतली. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. गाडी शहराबाहेर पडली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना आधी झालेल्या वसाहतींच्या भिंती लागल्या, आणि समोरच्या बाकावरून शिवणवालीने विचारलं, "भाऊजी, भर किती म्हणाला तो?"

"आठ फूट."

तिने पायाखालच्या फळीवर तळहात टेकवला आणि टेपशिवाय, वितीने, मोजत वर आणायला सुरुवात केली. गुडघ्यापाशी आली, खांद्यापाशी आली, डोक्याच्या वर गेली. हात टेम्पोच्या छताला लागला तेव्हा ती थांबली, आणि मग ओठ हलवत, अजून किती राहिलं ते मनात मोजू लागली.