कुबातची मुलगी

मीर्गुल आमच्या ऑफिसात आली, पण बराच वेळ दारातच उभी राहिली. तिच्या बोटाला धरून पाच वर्षांची मुलगी उभी होती. दोघींच्या बुटांना गावाकडचा चिखल लागलेला होता.

"इथं समजेल असं सांगतात, असं पाटीवर लिहिलंय," ती म्हणाली. "खरंय का, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तिनं मला एजे म्हटलं.

"खरंय. आत ये. कोट काढून बस."

ती बसली, पण कोट काही काढला नाही. कधी उठून पळावं लागेल याचा नेम नाही, अशी खुर्चीच्या कडेवर टेकली.

काराकोलच्या बाजारामागे, लोकर आणि दोऱ्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. घटस्फोट, शेताची हद्द, कामावरून काढलेली माणसं, मृत्युपत्रं, शेजाऱ्याचा कुत्रा चावला ते प्रकरण, जे जिना चढून येईल ते आम्ही घेतो. ऑफिस अब्दीश बायकेंचं, वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मानानं बायके म्हणतात; मी त्यांच्या हाताखालची वकील. पाटीवरची ती ओळ त्यांचीच. त्यांचा दंडक असा की, सांगून झालं की अशिलाला म्हणायचं, आता मी काय सांगितलं ते तू मला सांग. त्याला सांगता आलं नाही, तर चूक आपली.

मीर्गुलची गोष्ट मला निम्मी तिनं सांगितली, निम्मी तिच्या हातांनी. बोलताना ती मुलीच्या टोपीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. तिचा नवरा कुबात मालट्रक चालवायचा. हिवाळ्याच्या तोंडावर घाटात ट्रक उलटला आणि तो गेला. घर त्याच्या नावावर होतं. तो धाकटा मुलगा, म्हणून आईबापांचं घर रीतीप्रमाणे त्याच्याकडे आलेलं. मीर्गुल, मुलगी अदिना आणि सासू सैराकान आपा, सगळी त्याच घरात राहायची. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे उठले आणि थोरला दीर एर्मेक तिला अंगणात घेऊन गेला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तू तरुण आहेस, तुझं पुन्हा जमेल. गाय घेऊन जा, पांघरुणं घेऊन जा. घर आमच्या बापाचं आहे." तिनं टोपीची गाठ पुन्हा आवळली. "मग आपांना गाडीत घालून स्वतःच्या घरी घेऊन गेला. म्हणाला, आईला इथं थंडी बाधते. एजे, त्या घरात आपांनी चाळीस हिवाळे काढलेत!"

"लग्नाची नोंदणी केली होती?"

"मुल्लानं निकाह लावला. अख्खं गाव जेवलं."

"सरकारी नोंद?"

तिनं मान हलवली. कुबात म्हणायचा, करू वसंतात. दर वसंतात काहीतरी काम निघायचं.

मला ठाऊक होतं आता काय सांगायचंय. अशा वेळी पुस्तकी शब्द फार कामाला येतात, त्यांच्याआड लपता येतं. पण पाटीनं तेवढी सोय ठेवलेली नव्हती. मी तिला सांगितलं, कायदा निकाह मोजत नाही. नोंद नसली की कुबातच्या मागे बायको म्हणून तुला काही मिळत नाही. मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव आहे, पण ते तू सांगितलंस म्हणून लिहिलेलं. कोर्टाला तेवढं पुरत नाही. अदिनाला कुबात स्वतःची मुलगी मानत होता, हे आपल्याला कोर्टात दाखवावं लागेल. ते दाखवता आलं, तर घर अदिना आणि आजी, दोघींचं. नाही दाखवता आलं, तर सगळं आजीचं. आणि आजी आता एर्मेकच्या घरात आहे.

"आता तू सांग," मी म्हणाले.

"मी त्याची कुणीच नाही," ती म्हणाली. "आणि ही त्याची आहे, हे मला लोकांकडून वदवून घ्यायचंय."

तिला नीट समजलं होतं. इतकं नीट समजायला नको होतं, असं मला वाटून गेलं.

साक्षीदार मिळायला अडचण नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पाच वर्षं ज्या माणसाला मुलीला खांद्यावर घेऊन फिरताना गावानं पाहिलं, त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायला कुणाचं काय जातं? शेजारीण म्हणाली, येते की. बालवाडीतली बाई म्हणाली, येते. कुबातबरोबर ट्रक चालवणारा म्हणाला, मी नाही आलो तर कोण येणार!

पण वसंत जवळ आला होता, आणि गावातल्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्या एर्मेक ठरवायचा. कुणाच्या जर्दाळूंना पाणी आधी आणि कुणाच्या बटाट्यांना सगळ्यात शेवटी, हे त्याच्या हातात. त्यानं कुणाला धमकावलं, असं मी म्हणणार नाही. त्याची गरजच पडली नसावी. शेजारणीची कंबर धरली. बालवाडीच्या बाईंना वरून परवानगी मिळेना. ट्रकवाल्यानं फोन उचलणं बंद केलं.

मीर्गुल बसनं दर आठवड्याला यायची आणि खाली मान घालून एकेक नाव गळल्याचं सांगायची.

"परवा दिरानं कोठाराला कुलूप लावलं," एकदा ती म्हणाली. "आत माझं पीठ आहे. मागायला गेले तर म्हणाला, पीठ कुठलं, हे आमचं कोठार आहे. एजे, मी मॉस्कोला जाऊ का? माझी मैत्रीण तिथं हॉटेलात भांडी घासते. अदिनाला आईकडे ठेवते."

"तू गेलीस की घर गेलं."

"आणि राहिले तर?"

"राहिलीस तरी जाऊ शकतं," मी म्हणाले. "आपण हरू शकतो."

तिनं पिशवी उचलली. ती गेल्यावर मी अब्दीश बायकेंपुढे जाऊन बसले. मला वाटत होतं, ते म्हणतील, एवढं कोरडं कशाला बोललीस. ते चष्मा पुसत म्हणाले, "खोटा धीर दिला असतास तर आज ती झोपली असती आणि कोर्टात कोसळली असती. पण पोरी, उरलेला साक्षीदार कोण?"

"सासू."

"मग गेलीस का तिच्याकडे?"

गेले होते. एर्मेकच्या फाटकाला साखळीवरचा कुत्रा होता आणि कुत्र्यामागे त्याची बायको. आपा झोपल्यात, ती म्हणाली. भर दुपारी. आतून म्हातारीचा खोकला ऐकू येत होता, आणि मी तो ऐकतेय हे त्या बाईला दिसत होतं. "झोपेत खोकतात त्या," ती म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

सैराकान आपांना साक्षीला बोलवा, असा अर्ज मी कोर्टात दिला, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. कारण साधं होतं. अदिनाला मुलगी मानलं तर म्हातारीचं अर्धं घर जाणार होतं. स्वतःविरुद्ध बोलायला मीच तिला उभी करत होते, तीही ज्या मुलाच्या घरात ती जेवते त्याच्यासमोर. ती एकदा नाही म्हणाली, की माझ्याच हातानं दार बंद.

सुनावणीच्या दिवशी रस्त्यात अर्धवट वितळलेलं बर्फ साचलं होतं. मीर्गुल माझ्या आधी येऊन कोर्टाच्या ओसरीत उभी होती. अदिनाला तिनं आमच्या ऑफिसात, अब्दीश बायकेंजवळ ठेवलं होतं. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी पिशवीतून बोर्सोक, तळलेल्या कणकेचे तुकडे, काढून दिले. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि तो तसाच गालात धरून ठेवला.

एर्मेकची गाडी आली. त्यानं दार उघडून आईला दंडाला धरून उतरवलं, हळू, जपून. सुनेकडे बघायचं नाही असं त्यानं म्हातारीला सांगितलं असावं, कारण ती जमिनीकडे बघत आमच्यासमोरून गेली.

"आपा," मीर्गुल पुटपुटली. म्हातारीचं पाऊल क्षणभर अडखळलं. एर्मेक म्हणाला, "पायरी बघा."

आत खोली लहान होती आणि रेडिएटर तापून कढत झाला होता. आधी एर्मेकच्या वकिलानं विचारायला घेतलं. उंच, केस चापून बसवलेला माणूस. उभा राहून त्यानं कागदावरून वाचलं, "सदर अल्पवयीन बालिकेच्या संदर्भात मयत इसमाने आपल्या हयातीत पितृत्वाचा स्वीकार केल्याचे आपल्या प्रत्यक्ष निदर्शनास आले होते किंवा कसे?"

सैराकान आपांनी पांढऱ्या रुमालाची गाठ चाचपली. मुलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला काही माहीत नाही, बाळा."

माझ्या शेजारी मीर्गुलनं श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडलाच नाही.

"लिहून घ्यावे," वकील म्हणाला आणि खाली बसला.

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. रात्रभर तयार केलेले प्रश्न माझ्यासमोर होते, पण ते सगळे 'माहीत आहे का' अशाच थाटाचे होते. तिला आणखी दहा वेळा 'नाही' म्हणायची सोय मीच करून आणली होती. मी कागद उलटा ठेवला.

"आपा, कुबातच्या घरी कोण कोण राहायचं?"

"मी. कुबात. सून." थोडं थांबून, "आणि पोर."

"पोर चालायला लागली तेव्हा तुम्ही तिचा तुशो केला होता?"

आमच्याकडे मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात, मुलांची शर्यत लावतात, आणि जो पहिला येईल तो दोरा कापतो. त्यानंतर मूल पडत नाही म्हणतात.

"केला की. दोरा मीच वळला होता."

"दोरा कापताना अदिनाला कुणी धरलं होतं?"

"कुणी म्हणजे?" म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हिला एवढीही अक्कल नाही. "बापानं! दुसरं कोण धरणार? त्यानं मेंढा कापला होता, हा एवढा. मी म्हटलं, अरे, पोरीच्या तुशोला एवढा मोठा मेंढा? तर मलाच म्हणतो, आई, माझी मुलगी काय कोंबडीवर चालायला लागणार?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आई!" एर्मेक अर्धवट उठला. "काय बोलताय तुम्ही?"

"खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"काय बोलते म्हणजे?" म्हातारी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तूच म्हणालास, कळलं नाही तर 'माहीत नाही' म्हणा. त्यांचं मला कळलं नाही, म्हटलं माहीत नाही. हिचं कळलं. आता काय करू? मुलगा मी मातीत घातला, एर्मेक. त्याची पोरही त्याची नव्हती म्हणू? मग त्याचं या जगात राहिलं काय?"

त्याच्या वकिलानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं. मी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. आजारपणात मुलीला दवाखान्यात कुणी नेलं, तिला बूट कुणी आणले. आपा प्रत्येक वेळी रागावूनच सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या रागात कुबात थोडा थोडा खोलीत येत होता. मीर्गुल दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती.

सुनावणी संपली. आम्ही बाहेर आलो तर एर्मेकची गाडी निघून गेली होती. आईला तिथंच सोडून. म्हातारी पायऱ्यांखाली चिखलात उभी, सून चार हातांवर. दोघींनाही पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. म्हातारीनं जे केलं त्याची भीती आता तिच्या तोंडावर उतरत चालली होती. एक मुलगा देवानं नेला होता, दुसरा आत्ता गाडीत बसून गेला होता.

शेवटी तीच म्हणाली, "उभी काय राहिलीस? पोर कुठाय? आणि गाईचं कोण बघतंय सकाळपासून?"

"शेजारीण बघतेय, आपा."

"ती? ती गाईला पाणीसुद्धा दाखवणार नाही. चल, गाडी बघ."

निकाल यायला वेळ लागला. त्या काळात मीर्गुल रोज फोन करायची आणि काहीच न विचारता ठेवून द्यायची. अखेर कोर्टानं अदिनाला कुबातची मुलगी ठरवलं. घर अर्धं तिचं, अर्धं आजीचं. मीर्गुलच्या नावावर काही आलं नाही, येणारही नव्हतं. मुलगी सज्ञान होईपर्यंत तिची आई म्हणून ती तिथं राहील, एवढंच. एर्मेकनं वरच्या कोर्टात जायची भाषा केली. मुदत उलटेपर्यंत आम्ही सगळे दिवस मोजत होतो. तो गेला नाही.

उन्हाळाभर त्यांच्या बटाट्यांना पाणी सगळ्यात शेवटी मिळालं. सासू-सून खुरपं घेऊन वाफ्यात उतरायच्या, एकमेकींवर ओरडायच्या आणि अंधार पडायच्या आत घरी यायच्या. सैराकान आपा थोरल्या मुलाचं नाव काढत नव्हत्या, पण रस्त्यावर गाडी वाजली की त्यांचे हात थांबायचे.

शरदात मी दाखल्याच्या कामासाठी त्यांच्या गावी गेले होते. शेताच्या बांधाशी एर्मेकची गाडी उभी होती. तो शर्टाच्या बाह्या सरसावून, कुणी न बोलावता, पोत्यांत बटाटे भरत होता. कुणाशीही बोलत नव्हता. म्हातारी लांबच्या सरीत पाठ करून बसली होती. मीर्गुलनं घरातून दूध घातलेला चहा आणला, कप त्याच्याजवळच्या पोत्यावर ठेवला आणि वळून निघाली. चहा निवत होता. एर्मेकनं दोन पोती शिवली, तिसरं शिवलं. मग बूड टेकून त्यानं तो कप उचलला.