आईच्या ओठांतल्या टाचण्या

घरात तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि त्या महिन्यात तर तोफेला बत्तीच लागली होती. 'राजकारणात बायकांचा आवाज कुठाय?' या विषयावर शाळेत तिने असं दणदणीत भाषण ठोकलं की परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. उदाहरण शोधायला लांब जायची गरजच नव्हती. महिलांसाठी राखीव जागेवरून नगरसेविका झाली होती आई आणि बोलत होते बाबा! वॉर्डाच्या बैठकीत शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसून, "मॅडमचं म्हणणं असं आहे की..." तोफ त्यांची नक्कल करायची तेव्हा वर्ग हसून लोळायचा.

आईचं शिवणकाम मात्र निवडून आल्यावरही चालूच होतं. त्यामुळे अर्धा दिवस तिच्या ओठांत टाचण्या. कुणी काही विचारलं की एकेक टाचणी काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचायची आणि मग बोलायची. तोवर बाबांचं उत्तर देऊन झालेलं असायचं.

त्या दुपारी बाबा बाहेर होते. आई गणवेशाला कॉलर जोडत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. 'थांब' अशी खूण करून आईने पहिली टाचणी काढली. तोफेला कुठला धीर! तिने फोन उचलला. पलीकडे रेडिओवाले होते.

"मॅडम, मंडईच्या रस्त्याबद्दल बोलाल? थेट प्रक्षेपण आहे."

मायलेकींचा आवाज इतका सारखा, की फोनवर मामाही फसायचा.

"हो, मीच बोलतेय," म्हणत ती गॅलरीत सटकली. आणि सुटलीच. "पदपथ बायकांना चालायला आहे की टोपल्या मांडायला? महिनाभरात तो मोकळा झालाच पाहिजे!"

"वा, मॅडम!" निवेदक म्हणाला.

"कोण होतं गं?" आईने विचारलं.

"कुणी नाही, काहीतरी विकत होते." संध्याकाळी सगळे आईचं कौतुक करायला लागले की सांगू, असं तिने ठरवलं.

कौतुक आलं नाही. सकाळी मंडईतल्या भाजीवाल्या दारात आल्या. पुढे सगळी मंडई जिला मावशी म्हणायची, ती. निवडणुकीत आईसाठी दारोदार फिरलेली.

"आम्हाला उठवायचंच होतं तर तोंडावर सांगायचंस की, ताई. चपला झिजवल्या गं तुझ्यासाठी!"

"मी उठवीन? तुमच्या जागा पक्क्या व्हाव्यात म्हणून तर माझी खटपट चाललीय."

"मग रेडिओवर कोण बोललं? मी काय बहिरी आहे?"

आईने वळून तोफेकडे पाहिलं. मग मावशीला म्हणाली, "माझ्याच घरातून गेलंय ते. चुकलं."

"बघितलंस?" बाबा पुढे सरसावले. "म्हणून म्हणतो, बोलायचं माझ्यावर सोड. मावशी, मॅडमचं म्हणणं असं आहे की..."

या वाक्याला हसायचा तोफेला आता काय हक्क होता? बाबा निदान स्वतःच्या आवाजात तरी बोलत होते.

"मी बोलले," ती म्हणाली. आवाज कसला, फुसका बार. "आई बनून. तिला माहीतही नव्हतं."

मावशीने तोफेपुढे बोट नाचवलं. "अगं, मत तुझ्या आईला दिलं होतं. तुला नाही," आणि बाबांकडे वळून, "यांनाही नाही."

आई रागावेल, कान धरेल, असं तोफेला वाटलं. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. आई मशीनपाशी जाऊन बसली आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा रेडिओवाल्यांचाच नंबर. दोन हात एकदम पुढे गेले, एक बाबांचा आणि एक तोफेचा. तिने आपला हात झटक्यात मागे घेतला आणि त्याच्यावरच बसली. बाबांचा हात पोचायच्या आत आईने फोन मांडीवर ओढला.

फोन वाजत राहिला. आईने एक टाचणी काढली. मग दुसरी. दारातल्या बायका उंबऱ्याशी सरकल्या. शेवटची टाचणी उशीत खोचून आईने फोन कानाला लावला.

"काल मी बोलले नव्हते. आज बोलते. मंडईतल्या बायका..."

आई अडखळली. तोफेच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं, एकदम झकास. ते दातांखाली धरून ती आईकडे बघत राहिली.

आई तिच्याकडे बघत नव्हती.