तेलातला पट्टा

चौदा महिन्यांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला फक्त एका शब्दाचं उत्तर हवं होतं, आणि ते मी दिलं नाही. पत्र माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांचं. त्यांचं गॅरेज होतं, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मीही मिस्त्रीच म्हणायचो, आणि ते मला बहिणीसारखंच दादा म्हणायचे.

पत्राबरोबर पोलादी पट्टीचा एक बोटभर तुकडा होता. पट्टीच्या एका कडेला मिस्त्रींनी कानशीने घासून खाच पाडली होती. पत्र असं होतं:

‘दादा, तुमची गाडी आणि डॉक्टरीणबाईंची गाडी एकाच इंजिनाची. त्यांची मी सर्व्हिस केली, तुमची कंपनीच्या वर्कशॉपने. इंजिन थंड असताना तेलाचं झाकण उघडा. खाली पट्टा दिसेल. ही खाच त्यावर बसवून बघा. पट्टा खाचेत गेला, तर तो ठीक आहे आणि चूक माझ्या तेलाची. नाही गेला, तर तुमचाही फुगलाय, आणि मग मी त्यात नाही. गेला की नाही, एवढंच लिहा. तोंडी नको. तुम्ही लिहिलेलं लोक मानतात.’

शेवटचं वाक्य त्यांनी टोमण्याने लिहिलं नव्हतं. मिस्त्रींना टोमणे मारता यायचे, पण ते समोरासमोर.

हे प्रकरण सुरू झालं त्यांच्याच गॅरेजमध्ये. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही गाड्यांचे वेडे जमायचो. मी तांत्रिक विद्यालयातला निवृत्त ग्रंथपाल. मला गाडी धड चालवता येत नाही, चढावर मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार होतात. पण गाड्यांबद्दल वाचायला मला लहानपणापासून आवडतं. मंडळींचं महिन्याचं एक पानी पत्रक मी काढायचो आणि अठ्ठावीस जणांना पोस्टाने पाठवायचो. एरवी मी कोपऱ्यातल्या जुन्या सीटवर गप्प बसायचो. मी काही बोलायला तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा.

त्या रविवारी विषय होता नव्या इंजिनाचा. एका कंपनीने आपलं जुनं, भरवशाचं इंजिन नव्याने घडवलं होतं. चार सिलिंडरचे तीन केले होते, आणि आत साखळी होती तिथे रबरी पट्टा आणला होता. तोही कोरडा नव्हे, इंजिनाच्या तेलातच फिरणारा.

“एकवीस पूर्णांक चार!” एक गृहस्थ वही नाचवत आले. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, परत काठोकाठ भरायची, असं ते गेली तीस वर्षं करत होते. आम्ही त्यांना अ‍ॅव्हरेजराव म्हणायचो. “मेव्हण्याची गाडी घेऊन तीन टाक्या चालवली. जुनं इंजिन सतराच्या वर एक थेंब जात नव्हतं.”

“मेव्हण्याला विचारलंत का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टर, मंडळींतल्या एकट्या बाई, आणि गिअर बदलण्यात आम्हा सगळ्यांना भारी.

“त्याला वाटलं मी भाजी आणायला चाललोय.”

मिस्त्री एका गाडीखाली होते. नुसते पाय दिसत होते. तिथून आवाज आला, “पट्टा तेलात? म्हणजे साखरेची बाहुली पाण्यात सोडायची आणि म्हणायचं, पोहते बघा किती छान!”

“अहो, खास रबर आहे ते,” अ‍ॅव्हरेजराव म्हणाले.

“रबर ते रबरच. तेल पिऊन फुगणार, फुगलं की झिजणार, झिजलं की त्याचा चुरा तेलाच्या जाळीत जाऊन बसणार. जाळी तुंबली की इंजिनाला तेल नाही. मग ढकला तुमचं एकवीस पूर्णांक चार हाताने.”

“मिस्त्री, तुम्हाला नवीन काहीच पसंत पडत नाही.”

“पडतं की. ही चप्पल नवी आहे.” त्यांनी गाडीखालून पाय हलवून दाखवला. सगळे हसले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. “दादा, तुम्ही वाचलं असेल. तुमचं काय मत?”

मी वाचलं होतं. कंपनीच्या अभियंत्यांचा बावीस पानी निबंध, आलेखांसकट. त्यात पट्टा दोन लाख चाळीस हजार किलोमीटर टिकल्याचं लिहिलं होतं. मी चाचरत सांगू लागलो आणि एक विचित्र गोष्ट घडली. कुणीच विषय बदलला नाही. अ‍ॅव्हरेजरावांनी तर वहीत टिपून घेतलं. मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आले, फडक्याला हात पुसत त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाले, “दादांनी वाचलंय म्हणजे असेल. पण मी तरी निम्म्या किलोमीटरवरच बदला म्हणेन.”

पुढच्या पत्रकाला मी आणखी एक पान जोडलं आणि दीड पान लिहिलं. इतकं ठाम मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, ‘हा पट्टा इंजिनाच्या आयुष्यभर पुरेल.’ मिस्त्रींचं मत मी कंसात घातलं होतं. छापण्याआधी तो कंसही खोडला, कारण वाक्य लांबत होतं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचून गाडी घेतली. माझ्याच लिखाणाच्या भरात मीही घेतली.

अडीच वर्षांनी, साठ हजार किलोमीटरवर, डॉक्टरीणबाईंचं इंजिन घाटात सीझ झालं, तेलावाचून जागीच जाम झालं. शेजारी त्यांचे वडील होते. सर्व्हिस मिस्त्रींनी दोनच महिन्यांपूर्वी केली होती. कंपनीच्या वर्कशॉपने कागदावर लिहून दिलं, ‘बाहेरचे तेल वापरल्यामुळे.’ मिस्त्री म्हणाले, तेल कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याबरहुकूम होतं, जाळी काढून बघा, आत रबराचा चुरा सापडेल. जाळी कुणी बघितली नाही. इंजिन बदललं, जुनं कंपनीने नेलं. पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये चारच जण आले. त्याच्या पुढच्या रविवारी मी एकटा होतो. मिस्त्रींनी चहा मागवला, तो पिऊन मी उठलो. त्यानंतर मीही जायचा थांबलो. मला तिथे काय बोलावं हे सुचत नव्हतं.

मग ते पत्र आलं.

मी मोजलं नाही असं नाही. त्याच दुपारी मोजलं. झाकण उघडलं, पट्टी आत धरली. पट्टा खाचेत गेला नाही. माझा हात कापत असेल म्हणून परत बघितलं. सहा वेळा बघितलं. पाचदा गेला नाही, एकदा तिरका का होईना पण गेला. त्या एकदाला मी धरून बसलो. मनाशी म्हटलं, मी काही कारागीर नव्हे, माझ्या मोजण्याचा काय भरवसा? अर्धवट खात्रीवर लेखी कसं द्यायचं? जन्मभर मला स्वतःबद्दल शंका आहेत आणि त्यांनी मला कायम मागे ओढलं. त्या दिवशी मात्र त्या मला फार सोयीच्या वाटल्या.

पुढच्या आठवड्यात मी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने झाकण उघडलं, आत डोकावला आणि सहज म्हणाला, “काका, पट्टा बदलून देतो. वॉरंटीत आहे. हे सगळ्यांचंच होतंय, दर दुसरी गाडी येतेय.”

“तेल तुमचंच होतं ना?” मी विचारलं.

“आमचंच की. तेलाचा काय संबंध?”

मी जुना पट्टा मागून घेतला. कडा उसवलेल्या, बोट लावलं की काळं निघत होतं. तो मी बुटांच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवला. आता तर शंकेला जागाच नव्हती. तरी मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर माझ्या दीड पानावर विसंबून ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांना काय सांगणार होतो? आज सांगू, पुढच्या पत्रकात सांगू, असं करता करता मी पत्रक काढणंच बंद केलं. प्रकृतीचं कारण दिलं. प्रकृती ठणठणीत होती.

मिस्त्रींनी पुन्हा विचारलं नाही. दिवाळखोरासारखं त्यांचं गॅरेज एका दिवसात बंद झालं नाही, ते हळूहळू रिकामं होत गेलं. त्यांची नजर साखरेच्या आजाराने आधीच अधू होती, ती या वर्षात पार गेली. हे मला बहिणीच्या फोनवरून कळत राहिलं. मी म्हणायचो, येऊन जातो एकदा.

गेल्या शनिवारी दुपारी तीच आली. पायपुसण्यावर चपला काढता काढता म्हणाली, “दादा, पाणी दे आधी. तुझा जिना म्हणजे परीक्षा आहे.”

मी पाणी दिलं. तिने घर न्याहाळलं. “पुस्तकं वाढली. माणूस तेवढंच आहे.”

“मिस्त्री कसे आहेत?”

“खिडकीशी बसतात. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून सांगतात, याचा एक प्लग गेलाय, त्याचं बेअरिंग वाजतंय. ऐकायला मीच एकटी.” तिने पेला खाली ठेवला. “हत्यारं विकायला काढलीत. गुरुवारी गिऱ्हाईक येणार आहे. त्यांनी प्रत्येक हत्याराच्या मापाचा कप्पा कोरून लाकडी पेटी केली होती, आठवते ना? काल सगळी हाताने चाचपून बघितली. एक कप्पा रिकामा. म्हणाले, ती पट्टी दादांकडे आहे.”

मला ती शोधावी लागली नाही. त्या इंजिनाच्या पुस्तिकेत मी ती खूण म्हणून घालून ठेवली होती. पुस्तिका टेबलावरच होती. बहिणीने वर आलेलं टोक बघितलं आणि स्वतःच पट्टी ओढून काढली. पानावर तेलाचा डाग होता. ती पट्टी उजेडात धरून बघत राहिली. पस्तीस वर्षं तिने त्यांचे कपडे धुतलेत. तेल आणि रबर तिला मी सांगायची गरज नव्हती. खाचेच्या दोन्ही कडांना काळं चिकटून वाळलं होतं.

“म्हणजे मोजलं होतंस,” ती म्हणाली.

मी पुस्तिका मिटून ठेवली.

“मला वाटायचं, तू विसरलास. शेजारीण म्हणायची, भाऊ कसला तो. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, आमचा दादा विसरभोळा आहे, मनात काही ठेवणारा नाही.” तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. “आणि ते काय म्हणायचे माहितीये? पोस्टमन पुढे गेला की म्हणायचे, दादा सगळी पुस्तकं वाचून झाल्याशिवाय उत्तर देत नाहीत, अजून दोन-चार राहिली असतील. हसायचे वर.”

“सांगतो ना,” मी म्हटलं. “तो पट्टा—”

“मला नको सांगूस.” ती उठली. “त्यांनी लेखी मागितलं होतं. लिहून पाठव.” पट्टी तिने टेबलावर ठेवली. “हीपण त्याबरोबरच पाठव. आणि एक लक्षात ठेवून लिही. त्यांना आता दिसत नाही. पत्र मीच वाचून दाखवणार आहे.”

जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. मी वरून बघत होतो. हात द्यायला जावं असं वाटलं, पण कुठल्या तोंडाने जाणार?

तीन दिवस मी लिहीत होतो. पहिला खर्डा चार पानांचा झाला. त्यात कंपनीचा निबंध होता, माझा कापरा हात होता, सहा वेळांचा हिशोब होता. मोठ्याने वाचून बघितला, बहीण वाचेल तसा. दुसऱ्या पानावरच थांबलो. तिच्या आवाजात ते सगळं मिस्त्रींच्या कानावर पडणार, या कल्पनेने मला माझीच वाक्यं ऐकवेनात. फाडून टाकलं. शेवटी राहिलं ते एवढंच:

‘मिस्त्री, पट्टा खाचेत गेला नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मला हे कळलं होतं. तेल कंपनीचं होतं. पट्टा सोबत पाठवतो आहे, हाताने चाचपून बघा. चूक तुमच्या तेलाची नव्हती, माझ्या लिहिण्याची होती, आणि नंतर न लिहिण्याची. हेच अठ्ठावीस जणांना छापून पाठवलं आहे. डॉक्टरीणबाईंना सर्वांत आधी. पट्टी परत करतो आहे. पुसलेली नाही.’

क्षमा असा शब्द घालावा की नाही, यावर एक सकाळ गेली. घातला नाही. तो बहिणीला वाचावा लागला असता.

बुधवारी पोस्टात गेलो. अठ्ठावीस पाकिटं पेटीत टाकली, पहिलं डॉक्टरीणबाईंचं. ती टाकताना हाताला काही वाटलं नाही. मिस्त्रींचं पत्र, पट्टा आणि पट्टी घातलेलं खोकं मात्र खिडकीवर द्यायचं होतं. कारकुनाने ते काट्यावर ठेवलं.

“काय आहे आत?”

“पट्टा.”

“कमरेचा?”

“इंजिनाचा.”

त्याने पत्ता वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “काका, हे तर इथलंच. चालत गेलात तरी पाऊण तास लागेल. नेऊन द्या की, पोस्टाची भानगड कशाला?”

“त्यांनी लेखी मागितलंय.”

त्याने मान हलवली, शिक्का मारला आणि खोकं मागच्या पोत्यात टाकलं. आत पट्टी खोक्याच्या कडेवर आपटल्याचा बारीक आवाज झाला.

“किती दिवस लागतील?” मी विचारलं.

“दिवस कसले?” तो पुढच्या माणसाचं पाकीट घेत म्हणाला. “उद्या मिळेल.”