डब्यातून जालन्याला जाणारी कवळी

"मेली टोचतीय पुन्हा. एवढी सोन्यावानी जपली, तरी गुण दाखवतीच."

एवढं पुटपुटून साळूबाईंनी मला तोंडातून काढलं आणि पेल्यातल्या पाण्यात सोडलं.

मित्रांनो, ही कुरकुर माझ्याबद्दल होती. मी एक जुनी कवळी आहे. तीर्थपुरीच्या साळूबाईंची, खालच्या जबड्याची. माझी वरची एक बहीण आहे. ती टाळूला घट्ट धरून बसते, तिला कधी कुणी बोल लावत नाही. लागलं, खुपलं, सैल झालं की नाव माझं. सात वर्षांत त्याची मला सवय झाली होती. पण या खेपेला टोचणारी मी नव्हते, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. सांगणार कशी? जिभेच्या शेजारी जन्म काढला, पण जीभ साळूबाईंची.

माझ्या आधी या तोंडात खरे दात होते. ते वाचवायला जालन्याच्या डॉक्टर प्रियदर्शनींनी कमी खटपट केली नव्हती. पाण्याची बारीक धार सोडणाऱ्या मशीनने दातांवरचं कीटण काढलं. दोन दाढांचं रूट कॅनाल करून त्यांना टोप्या बसवल्या. पण हिरड्यांनीच हात सोडला, तिथे दात काय करणार? एकेक हलत गेला आणि निघत गेला. शेवटचे चार निघाले तेव्हा डॉक्टरांनी समोर बसवून दोन्ही वाटा सांगितल्या. एक तर हाडात बारीक स्क्रू बसवून त्यावर पक्के दात, जे काढघाल करावे लागत नाहीत, पण त्याला काही महिने जातात. नाहीतर कवळी. साळूबाई म्हणाल्या, "हाडात खिळे ठोकून घ्यायला मी काय भित हाय का?" आणि माझा जन्म ठरला.

आधी माप घेतलं. घट्ट पिठासारखं काहीतरी साच्यात भरून तोंडात दाबलं. साळूबाईंना उमासा आला, त्यांनी डॉक्टरांचं मनगट गच्च धरलं, तरी तोंड काही मिटलं नाही. ते माप दवाखान्याच्या मागच्या बोळात गेलं, पाशामियाँच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक खोली, एक खिडकी, एक फिरतं चाक. जालन्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं हसू याच खोलीतून निघालेलं आहे. पाशामियाँनी गुलाबी मेणात माझे दात एकेक करून रोवले. साळूबाईंनी निरोप धाडला होता की पूर्वीच्या समोरच्या दोन दातांत फट होती, तेवढी ठेवा. लोक सरळ दात मागतात, ही बाई फट मागते. पाशामियाँना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी ती नेमकी ठेवली. पुढे मेण उकळत्या पाण्यात वितळून गेलं, त्याच्या जागी टणक गुलाबी हिरडी आली, चाकावर चकाकी आली. खिडकीच्या उजेडात मला धरून पाशामियाँ स्वतःशीच म्हणाले, "अच्छी बनी."

खरंच अच्छी बनले होते मी. कडक भाकरी, मोसंबीच्या फोडी, हिवाळ्यात कोवळा हुरडा, सगळं मी चावून दिलं. हळदीकुंकवाला साळूबाई हसल्या की बाया म्हणायच्या, दात पुन्हा उगवले की काय. शेजारच्या नंदाबाईंनी तर मला एकदा "घालून बघू का" म्हणून मागितलं होतं, चपलेचं माप बघतात तसं. साळूबाईंची सून वंदना मला रोज मऊ ब्रशने घासून धुवायची. तिने मला कधी गरम पाण्यात टाकलं नाही, कधी आपटलं नाही. ती फार बोलत नाही. पण तिच्या हातातच सगळं कळायचं.

एका गोष्टीबद्दल मात्र त्या घरात कुणी तोंड उघडत नव्हतं. दुपारची कामं उरकली की साळूबाई मला काढून ठेवायच्या आणि तव्यावर भाजलेली काळी मिसरी बोटावर घेऊन हिरडीला घासायच्या. दात नव्हते तरी घासायच्या. चाळीस वर्षांची सवय, तंबाखूची तलफ, ती दातांबरोबर थोडीच निघते? घासून झालं की चिमूटभर मिसरी डाव्या गालाच्या कोपऱ्यात ठेवून त्यावरच मला बसवायच्या. डॉक्टरांनी एकदा बजावलं होतं. साळूबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन बोट काळं केलं. घरातलं वडीलधारं माणूस, बोलणार कोण?

त्याच कोपऱ्यात यंदा पोळ्याच्या आसपास एक पांढरा चट्टा आला. मग तो खरखरीत झाला. मग तिथे जखम झाली, आणि तिची कड दगडासारखी कठीण होत गेली. मी तिच्यावर बसत होते, मित्रांनो. माझ्याइतकं तिला जवळून कुणीच पाहिलेलं नव्हतं.

आता त्या घरातली चूक ऐका. साळूबाईंचा मुलगा धर्मराज जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला आहे. सोमवारी टेम्पोने जातो, शनिवारी घरी येतो. साळूबाईंनी त्याला सांगितलं, कवळीची कड लागतीय, घासून आण. त्याने मला ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि डब्यातल्या चटणीच्या वाटीत ठेवलं. तुटलेली चप्पल चांभाराकडे द्यावी तसं. तोंड राहिलं तीर्थपुरीला आणि मी एकटीच गेले जालन्याला, चटणीच्या वासात. दवाखान्यात नंबर लावायला नको म्हणून धर्मराज सरळ मागच्या बोळात गेला. पाशामियाँनी मला चाकावर धरून कड गुळगुळीत केली. शनिवारी मी परत आले. जखम तिथेच होती.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. कमी झाले ती मी.

तिसऱ्या खेपेला पाशामियाँनी चाक सुरू केलं, माझ्यावरून अंगठा फिरवला, आणि चाक बंद केलं. म्हणाले, यात टोचण्याजोगं काही उरलंच नाही. अम्मा घालतात तरी का? धर्मराज म्हणाला, न्हाई, पंधरा दिवस झाले, पेल्यातच हाय. पाशामियाँनी विचारलं, मंग जखम भरली का?

"न्हाई. वाढलीच हाय थोडी."

पाशामियाँचा अंगठा जिथे होता तिथेच थांबला. मग ते हळू म्हणाले, "भाऊ, इसका कुसूर नहीं है. कवळी मत भेजो. अम्माला आणा."

आणि धर्मराजच्या हाती देण्याऐवजी मला घेऊन ते तसेच डॉक्टरांकडे गेले.

साळूबाई आल्या त्या इस्त्रीचं लुगडं नेसून आणि कुरकुरत. डॉक्टरांनी लहान आरसा गालात घातला आणि बोटाने जखमेची कड चाचपली. पेनासारखा बारीक कॅमेरा आत गेला आणि जखम समोरच्या पडद्यावर तळहाताएवढी दिसू लागली. वंदनाने एकदाच पाहिलं आणि ती खाली बघू लागली. मग डोक्याभोवती फिरून सगळ्या जबड्याचा फोटो काढणारं मशीन झालं. साळूबाई म्हणाल्या, हे काय मला ओवाळून राह्यलं का? कुणी हसलं नाही. तेव्हा त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. डॉक्टरांनी जागा बधिर करून जखमेचा एक बारीक तुकडा काढला, तो तपासणीला जाईल म्हणाल्या, आणि मिसरी आजपासून बंद, हे या खेपेला धर्मराजकडे बघून म्हणाल्या.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. तो आणायला धर्मराज पुन्हा एकटाच गेला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, आई कुठंय? त्याने हात जोडले. आईला सांगू नका, खचून जाईल, आम्ही घरी सांगतो. डॉक्टर म्हणाल्या, त्यांचं तोंड आहे, त्यांना कळलंच पाहिजे. फोटोत हाड शाबूत दिसतंय, गाठ लहान आहे, आत्ता काढली तर आशा चांगली आहे, पण महिना घालवलात तर मी असं म्हणू शकणार नाही. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात बुधवारी बोलावलंय. मंगळवारपर्यंत तुम्ही सांगितलं नाही, तर मी सांगेन.

हे सगळं मला वंदनामुळे कळलं. शनिवारी धर्मराजने मोरीपाशी तिला हळूहळू सांगितलं, आणि पेला मोरीच्या कट्ट्यावरच होता. पेल्यातून जग जरा वाकडं दिसतं, पण ऐकू नीट येतं. त्याने रिपोर्ट सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढला, पुन्हा घडी केली, पुन्हा ठेवला. त्या आजाराचं नाव दोघांनीही घेतलं नाही. दोघंही त्याला "ते" म्हणत होते.

आईसमोर मात्र तो म्हणाला, "कवळीचीच जखम हाय. जरा खरडून काढायचीय. बुधवारी संभाजीनगरला जाऊ."

झालं. साळूबाई उसळल्या. कवळीचं खरडायला संभाजीनगर? रानात कापूस फुटलाय, वेचायला दहा बाया सांगितल्यात, त्यांच्यावर देखरेख कोण करणार? दिवाळी होऊ द्या, मंग बघू. रविवारी त्याने विनवलं. सोमवारी कामाचा खाडा करून विनवलं. पण प्रत्येक खेपेला तेच, कवळीची जखम, कवळीची जखम, आणि जितकी ती साधी करून सांगावी तितकं साळूबाईंना घर सोडायचं कारण उरेना. डॉक्टरांचा फोन आला की तो अंगणात जायचा. नंदाबाई सहज म्हणून येऊन बसल्या आणि गालाकडे बघून नजर वळवत राहिल्या. न सांगता ताटात भाकरीऐवजी पेज येऊ लागली. साळूबाई पेज पीत होत्या आणि सगळ्यांना निरखत होत्या.

मित्रांनो, माझं मागणं मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे बोलायची पाळी माझी नाही. तुमच्या घरी कुणाची कवळी असेल तर तिला जपा, रोज धुवा, झोपताना पाण्यात ठेवा. पण ती लागते म्हणून तिला एकटीला दुरुस्तीला धाडू नका. जखम तोंडात असते, कवळीत नसते. पंधरा दिवसांत जी भरत नाही, ती दाखवायला माणूस घेऊन जा. आणि मिसरी घासणारी आजी कितीही मोठी असो, तिच्याशी बोला. तुमचं ती ऐकेल. आज्या मोठ्यांचं नाही ऐकत, पण नातवंडांचं ऐकतात.

मंगळवारी दुपारी गॅस संपला होता म्हणून वंदनाने चहाला चूल पेटवली होती. डॉक्टरांचा फोन दोनदा वाजून गेला होता, आणि धर्मराज दारात पाठमोरा उभा होता. साळूबाई उठल्या, मोरीपाशी आल्या, पेल्यातून मला बाहेर काढलं. मला वाटलं, घालणार. पण त्या चुलीकडे वळल्या.

"हिच्यापायीच झालंय ना? मंग हिलाच जाळते. पीडा तरी जाईल."

झळ लागली. सात वर्षांत मला कधी एवढं गरम लागलं नव्हतं. माझ्या कडेवरचं पाणी चर्र करून उडालं. मला माझं भय नव्हतं असं म्हणणार नाही, होतं. पण त्याहून मोठं भय हे होतं की मी जळाले की सगळं मिटलं असं या बाईला वाटेल, आणि उद्याचा बुधवार कापसात जाईल.

वंदनाने सासूचं मनगट धरलं. लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा.

साळूबाई म्हणाल्या, सोड. वंदनाने सोडलं नाही. साळूबाईंनी दाराकडे पाहून विचारलं, "धर्मा, कवळीचंच हाय ना रे?" तो वळला, आणि त्याने चौकट धरली. चहा उतू गेला. कुणी भांडं उतरवलं नाही.

साळूबाईंनी सुनेकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला होता.

"वंदे, तू तरी बोल."

वंदनाने आधी मला त्यांच्या मुठीतून सोडवून घेतलं आणि पदरात धरलं. मग ती म्हणाली, "आत्या, कवळीनं काही केलं न्हाई. तुम्हाला कॅन्सर हाय. लहान हाय अजून, काढता येतोय. उद्या तुम्ही चला. मी संगं हाय."