कुजबुजलेलं गाऱ्हाणं

राष्ट्राचं गुपित हे राष्ट्राच्या प्राणासारखं असतं. ते हिमालयाच्या उंचीवर आणि सागराच्या तळाशी जपावं लागतं. शहाऐंशी सालच्या मार्गशीर्षात ते आमच्या गावात हौसाबाईच्या उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवलेलं होतं, आणि किडे लागू नयेत म्हणून वर कडुनिंबाचा पाला घातला होता.

गाव तारकर्लीच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगत नाही. हौसाबाईच्या मुलाचं नावही लिहीत नाही. कायदा अजून जिवंत आहे.

मुलगा कोल्हापूरकडे साखर कारखान्यात कारकून आहे, एवढंच गावाला माहीत. हौसाबाईही तेच समजून होती. गेल्या जत्रेत तिने त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालायला लावलं, तेव्हा हरिश्चंद्र गुरवाने समुद्रापर्यंत पोचणाऱ्या आवाजात देवीला पत्ता दिला होता, "आई सातेरी, हौसाचो झील कोल्हापुराक साखरेच्या कारखान्यात आसा, तेची राखण कर." सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला आणि देवी कामाला लागली.

वर्षाने कुणीतरी हातोहात एक पत्र आणून दिलं. हौसाबाईला वाचता येत नसे, म्हणून तिने ते भाईंना दाखवलं. भाई म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. मजकूर चारच ओळींचा. कोल्हापूरला मला भेटायला येऊ नकोस, मी तिथे नाही, कधीच नव्हतो. सरकारचं काम आहे, कसलं ते विचारू नकोस. लोकांना कळलं तर जिवावर बेतेल. मध्यंतरी पाय मोडला होता, आता बरा आहे.

भाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मजकूर तोच होता.

हौसाबाई रडली नाही. माडांच्या सावल्या अंगणात हलत होत्या, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "म्हणान पाय मोडलो."

"म्हणान म्हणजे?"

"देवी वर्सभर कोल्हापुराक बसली. ह्यो भलतीकडेच. मगे तेची राखण कोण करतला?"

भाईंनी चाळीस वर्षं पुरावे हाताळले होते. यात त्यांना फट सापडेना.

"देवीक खरा काय ता सांगूक होया," ती म्हणाली. "आजच. नायतर दुसरो पाय मोडात."

कायद्याची गोष्ट निघाली की भाई मालवणी सोडून ताठ बसत. "हौसा, गुपितांच्या कायद्याप्रमाणे अधिकार नसलेल्या व्यक्तीस अशी माहिती देणे गुन्हा आहे."

"देवी व्यक्ती खंय आसा?"

"आहे. कायद्याने देव ही व्यक्तीच. देवस्थानाच्या जमिनीच्या दाव्यात मी स्वतः तिचं नाव वादी म्हणून लिहिलंय."

"मगे तिका अधिकार कोण देता?"

"दिल्ली."

"दिल्लीक इचारूक गेलास तर माजो झील लंगडो जायत."

भाईंनी पत्राची घडी घालून ते तिला तांदळाच्या डब्यात, पाल्याखाली लपवायला लावलं. मग उठून त्यांनी टोपी घातली.

दुपार अशी होती की समुद्रही कूस बदलायचा कंटाळा करत होता. देवळाच्या पायरीवर पेंगणाऱ्या हरिश्चंद्राला उठवून दोघांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण आता आसा खंय तो? पत्त्याशिवाय देवीक खंय धाडू?"

"ती सोधतली," हौसाबाई म्हणाली.

"आणि गाऱ्हाणं हळू घालायचं," भाई म्हणाले. "त्याआधी देवीने गुप्ततेची हमी द्यायची. कौल लाव."

"देवी कोणाक सांगतली, भाईनूं? आजवर बोलली काय ती?"

"कौल लाव."

हरिश्चंद्राने दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. समईची ज्योत हलत नव्हती. गाभारा पाण्याखाली असावा तसा हिरवट वाटत होता, आणि तिघंही त्याच्या तळाशी बसल्यासारखी श्वास धरून होती. किती वेळ गेला, कुणी सांगू शकलं नसतं. मग उजवी पाकळी, घाई नसल्यासारखी, खाली आली.

"ग्राह्य," भाई म्हणाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हरिश्चंद्र कुजबुजला. "गे आई सातेरी, हौसाचो झील कोल्हापुराक आसा म्हणान आमी तुका सांगितलव, ती आमची चूक झाली. तो थंय नाय. खंय आसा ता आमका ठाव नाय, ठाव असता तरी भाईनी सांगूक दिल्यानी नसता. तू सोधून काढ. तेका सांभाळ. आणि तेचा काम कोणाक कळू देव नको."

"व्हय म्हाराजा," भाई हळूच म्हणाले, एकटेच, साऱ्या गावाच्या वतीने.

हौसाबाईने डोळे मिटले. तिला देवी उठलेली दिसली. नऊवारीचा काष्टा आवळून, उसाच्या फडांतून, कुणाला वाट न विचारता ती चालू लागली होती. गावं मागे पडत होती, नद्या बाजूला सरत होत्या, आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही असा कुणी एक दूरवर, लंगडत, कुठल्याशा दारातून आत जात होता. देवी त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत पोचली.

हौसाबाई पुढे सरकली. भाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने देवीच्या कानाशी तोंड नेलं.

"बाय माजे," ती म्हणाली, "हात रिकामो गावलो तर तेच्या पायाक वायच खोबरेल चोळ."